छातीवर गिअरबॉक्स

कुतैसीबाहेरच्या अंगणात
ओतार जुन्या लाडाखाली उताणा,
छातीवर तीस किलोंचा गिअरबॉक्स,
तान्हं पोर निजवावं तसा.
शाफ्टचे दाते क्लचप्लेटीत बसेनात.
बोटभर फट. तासभर तीच.
आधी जॅकला शिव्या, मग कारखान्याला,
मग ज्यानं ही गाडी गळ्यात मारली त्या मेहुण्याला.

मझिया पायरीवर अक्रोड फोडत होती.
उठली, हात न पुसताच
इंजिनाची पुढची पुली
पान्यानं किंचित फिरवली.
"आता ढकल."

खट्.
एवढासा आवाज,
कुत्र्यानं कानही हलवला नाही.

तो तसाच पडून राहिला,
हनुवटीवर काळं तेल,
छाती एकदम रिकामी.
वरून तिचा प्रश्न आला:
बशीत हा एक बोल्ट उरलाय, कुठला?

"अक्रोड फोड," तो म्हणाला.