पिंजऱ्याची वेळ

ओग्न्यान, विचारलंस म्हणून सांगते.
चार जिने चढून आलायस, आधी बस.
मिरच्या भाजतायत तोवर बोलू.

"झद्राव्का आजी, परवडतं का हो ते?
बसच्या पासापुरतं तरी सुटेल?"

गेल्या नोव्हेंबरात मी सुरू केलं.
पेन्शन विजेच्या बिलाशी रोज भांडत होती,
आणि फोनवर लिहून आलं :
तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.
एकाहत्तर वर्षांत
एवढं कुणी म्हटलं नव्हतं मला.

पहिल्या दिवशी खरं वय टाकलं.
क्षमा करा, या पाहणीत तुम्ही बसत नाही.
सतरा प्रश्न विचारून झाल्यावर हे सांगितलं.
दुसऱ्या दिवशी शॅम्पू. बसत नाही.
तिसऱ्या दिवशी मोटारींचे टायर.
कुत्र्याच्या खाण्याबद्दल मात्र
दहा मिनिटं ऐकून घेतलं,
मग आठवलं त्यांना, बसत नाही.

तेव्हा मी चौतीस वर्षांची झाले.
दोन मुलं, राखाडी मोटार, नवरा बंदरावर नोकरीला,
उन्हाळ्यात समुद्रावर जायचा बेत.
एक कुत्रा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही,
मी तरी ठेवलं.
तिला बहुतेक दारं उघडी.
तिला बँक बदलायची होती, चीज जरा खारट वाटत होतं,
तिच्या तोंडानं मी रात्री अकरापर्यंत बोलत बसायचे.

ही वही बघ. डावीकडे मिनिटं, उजवीकडे पैसे.
एकतीस वर्षं पेरनिकच्या खाणीत पगारखातं सांभाळलं,
हिशेबाला मी कच्ची नाही.
तासाला पडले बेचाळीस स्टोटिंकी.
खालच्या दुकानात तेवढ्यात पावाचा वाससुद्धा देत नाहीत.
शिवाय पंचवीस लेव्ह जमेपर्यंत
हातावर काहीच ठेवायचं नाही, ही त्यांची रीत.

फेब्रुवारीत चोवीस लेव्ह साठ झाले.
त्या रात्री विचारलं : जन्म कोणत्या साली?
दमले होते रे. चष्मा कपाळावर.
बोटांनी खरं सांगून टाकलं.

उत्तरांत विसंगती. खातं बंद.

थांब, मिरच्या उलटते. त्या करपल्या की कडू होतात.

पैशांचं मी मनाला लावून घेतलं नाही.
पण खाणीतला पिंजरा डोळ्यांपुढून जाईना.
बारा-बारा माणसं घेऊन खाली जायचा.
पाळी येईस्तोवर बाकीचे रांगेत,
कपाळाला दिवा, काखेत डबा,
कधी वीस मिनिटं, कधी चाळीस.
पिंजऱ्याचं दार लागलं की काम सुरू, असा नियम.
आधीची मिनिटं कापायची.
मी कापली.
लाल पेन्सिलीनं, सुवाच्य अक्षरात.
तुझ्या आजोबांचीसुद्धा. मेथोदी, हजेरी क्रमांक दोनशे अठरा.
एकदा खिडकीशी आले, टोपी हातात धरून,
म्हणाले, बाई, उभं राहणं हेही पायांचंच काम आहे.
मी म्हटलं, नियम दाखवू?

आता सतरा प्रश्नांनंतर "बसत नाही" आलं
की मला तीच खिडकी दिसते.
बाहेरच्या बाजूनं.

आणि गंमत ऐक.
परवा ही वही पुन्हा तपासायला घेतली,
तर ज्या पाहण्यांत मी बसले नाही
त्यांची मिनिटं डाव्या रकान्यात नव्हतीच.
कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय.
ती धरून भाव काढला : एकोणीस स्टोटिंकी.
हातात आलं शून्य, ते वेगळं.

परवडतं का, ते तू ठरव.
करायचं तर कर, पण वही घाल,
आणि रांगेतली मिनिटं आधी लिही.

आता ये, सालं काढायला लाग.
गरम आहेत, बोटं सांभाळ.
तासाला एक बरणी देईन.
वेळ खालच्या पायरीपासून धरलीय.