थंड व कोरड्या जागी

म्हापशात एकतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं मी
आणि बाटली-बाटलीवर तेच वाचत आलो:
थंड व कोरड्या जागी ठेवा.
कुठे, असं गिऱ्हाइकानं कधी विचारलं नाही, बरं झालं.
म्हापशात अशी जागा
माझ्या माहितीत तरी एकही नव्हती.

इथे मीठ बरणीत रडतं.
आगपेटीच्या काड्या गुलाच्या जागी नुसत्याच सोलतात,
जुलैत चामडी पट्ट्यावर पांढरी लव धरते,
आणि पापड कढईतून ताटात येईतो
त्याचा आवाज गेलेला असतो.

अशा घरात स्नेहला, माझी भाची,
मुडिगेऱ्याहून बसच्या पार्सलनं
दर मार्चला दोन किलो कॉफीच्या बिया पाठवते.
नुकत्या भाजलेल्या. पिशवी मांडीवर घेतली
की जरा फुगल्यासारखी लागते:
बिया अजून श्वास सोडत असतात.
पहिल्या वर्षी हे ठाऊक नव्हतं.
बूच दाबून बसवलं,
रात्री अडीचला ते फाडकन उडालं
आणि शालन काठी घेऊन उठली.

फ्रीजमध्ये ठेवून पाहिल्या,
कॉफीला खाऱ्या बांगड्याची चव आली.
डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकली,
तांदूळ घमघमले, बिया मऊ पडल्या.
शेवटी माळ्यावरून काढल्या
दुकान मिटवताना घरी आणलेल्या तपकिरी बाटल्या,
हजार-हजार गोळ्यांच्या, रुंद तोंडाच्या.
उकळल्या, तीन उन्हं दाखवली.
आता बिया दोन दिवस मोकळ्या श्वास घेतात,
मग गळ्यापर्यंत भरायच्या, वर हवेला जागा नाही,
आणि चुलीपासून, उजेडापासून लांब
शालनच्या साड्यांच्या कपाटात, खालच्या खणात.
ती म्हणते, लग्नाकार्यात बायका विचारतात,
हे कुठलं गं अत्तर?

आठ बाटल्या, आठ चिठ्ठ्या.
भाजल्याची तारीख, भरल्याची तारीख.
आठवीवर तारखांखाली आणखी एक शब्द: ऑर्लांद.

समोरच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करायचा तो.
दोन्ही दुकानांची फळी पडली की
माझ्या काउंटरवर कॉफी.
दळायच्या यंत्राचा दांडा मोडला तेव्हा त्यानंच बसवला,
उलटा. अजून आम्ही उलटाच फिरवतो.
मग त्याचा पोर्तुगीज पासपोर्ट झाला,
तो मुलाकडे स्विंडनला गेला.
मार्चात येतो म्हणाला होता.
कुठल्या मार्चात, ते बोलणं झालं नव्हतं.

परवा फोन लागला. म्हटलं, यंदाच्या बिया झकास आहेत.
तो म्हणाला,
'हांगा सगळेंच थंड आनी सुकें रे.
काडी एकेच फावटीं पेटता.
मीठ कशें सरसरून पडटा.
कॉफी म्हयने-म्हयने तशीच उरता.'
तिथे कितीजण पिता, मी विचारलं.
'हांव एकलोच.'
मग थोडा वेळ दोघांनी
लाईनीची खरखर ऐकली.

आज आठव्या बाटलीला पाच महिने झाले.
मुदत टळलेलं औषध मी कधीच विकलं नाही,
हवं तर तपासणीला येणाऱ्या साहेबाला विचारा.
बूच काढलं. वास होता,
पण तीन घरं पलीकडून आल्यासारखा.
दांडा उलटा फिरवला.
कॉफीच्या नावानं तोंड वाकडं करणारी शालन
वाटी पुढे करून म्हणाली, घाला थोडी.
भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली. दोघं प्यालो.

बाटली विसळताना चिठ्ठी मात्र
कोमट पाण्यात धरून अलगद सोडवली,
खिडकीच्या काचेवर चिकटवून ठेवली, वाळायला.
ऑगस्ट चालू आहे.
लवकर वाळायची नाही.