बसायच्या जागा

कपाटाची किल्ली दाराआडच्या दुसऱ्या खिळ्याला आहे.
रंगपेट्या पाण्याच्या परातीत ठेवा,
नाहीतर मुंग्या लाल रंग आधी खातात,
मग पिवळा.
निळ्याला तोंड लावत नाहीत.

तुम्ही विचारलंत, मुलांना बाहेर कुठे बसवायचं.

तरीजवळ नको.
चित्र चांगलं होतं, पण दर वीस मिनिटांनी माणसं उतरतात
आणि एकेकाच्या वहीत वाकून बघतात.
जयराम तांडेल तर कागदावर बोट ठेवतो,
‘बाबल्या, माझी व्हडी इतकी बारकी नाय हा.’
मुलं मग होडी मोठी करतात
आणि खाडी लहान होते.

खारबंधाऱ्यावर बसा, ओहोटी लागल्यावर.
भरतीचं कोष्टक स्टाफरूममध्ये चिकटवलंय,
पण ते बंदराचं. आपल्याकडे पाणी जरा उशिरा पोचतं.
तिथल्या चिखलाचा रंग पेटीत नाही.
तपकिरीत निळा घालून पाहिला, जांभळा घालून पाहिला,
शेवटी अन्वरचा ब्रश हातातून पडला
आणि उचलला तेव्हा त्याला बरोबर रंग लागलेला होता.
एकदा बाटलीतलं पाणी संपलं
म्हणून खाडीच्या पाण्यात रंग कालवले.
वाळल्यावर आभाळभर मीठ फुललं.
त्या चित्राला मी दहापैकी नऊ दिले.
एक का कापला, आता आठवत नाही.

सड्यावर नोव्हेंबरात.
टोप्या सांगा, सावली नाही.
कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार दगड.
इथे काढण्यासारखं काहीच नाही असं वाटेल,
मुलांना आणि तुम्हालाही.
अर्धा तास थांबा.

चिरेखाणीत मी आपणहून कधी नेलं नसतं,
पण एका रविवारी ट्रक बंद होते आणि मुलं हट्टाला पेटली.
तांबड्या भिंती पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेल्या,
प्रत्येकीवर यंत्राच्या करवतीचे ओरखडे,
तळाशी शेवाळी पाणी.
यथार्थदर्शन मी फळ्यावर तीन वर्षं शिकवत होते.
तिथे कुणी काही शिकवलं नाही,
रेषा आपापल्या एका ठिपक्याकडे निघाल्या.
काठापासून दहा पावलं मागे बसवा. मोजून दहा.

परीक्षेत मात्र हे सगळं विसरतात.
स्मरणचित्र, विषय समुद्रकिनारा,
आणि सदतीस कागदांवर दोन डोंगर, मधून सूर्य,
आकड्यांसारखे पक्षी.
वर्गाच्या खिडकीतून एकही डोंगर दिसत नाही.
मी काही बोलत नाही. गुण मिळतात.

हां, किमया खवणेकर राहिली. आठवी ब.
ती समुद्र काढायचीच नाही.
कागद आडवा, खालचा सगळा कोरा,
वर बोटभर उंचीची पट्टी:
कौलं, देवळाचा कळस, बर्फाच्या फॅक्टरीची टाकी,
एक वाकडा माड.
म्हटलं, अगं, आपलं गाव असं दिसतं तरी कुठून?
‘होडीतून.
कळस आणि माड एका रेषेत आले ना बाई,
की खाली खडक. पप्पा तिथून वळतात.’
मग पाण्याला रंग कधी देणार?
‘पाणी कशाला?
त्याच्यावर तर आपण बसलोय.’

सव्वीस वर्षं मी मुलांना
समुद्राकडे तोंड करून बसवत आले.
मला बोट लागते, त्यामुळे ती जागा माझ्या यादीत नाही.
तुम्हाला लागत नसेल तर तिच्या वडिलांना विचारा,
शनिवारी जेटीच्या शेडमध्ये जाळी सांधत बसलेले असतात.
मुलं पाच-पाचच न्या. खडू नकोत, पेन्सिल पुरे.

तो वाकडा माड गेल्या वादळात पडला.
चित्र कपाटात आहे, खालच्या फळीवर, कोरी बाजू खाली.
तेवढं त्यांना विचाराल का,
कळसाशी आता ते काय जुळवतात?
आणि मला कळवा.