माशी

नळीच्या टोकाशी बसलेली ही माशी
गेली सहा वर्षं त्याला दिसत नव्हती.
थॉरवाल्डनं हे मला सांगितलं नाही.
बंदूक बाकावर आडवी ठेवली,
हातमोजे काढले, पुन्हा घातले,
म्हणाला, "रॅग्ना, जरा बघ,
कुठं माशी शिंकतेय ती."

एकबारी. पंचेचाळीस-सत्तरची.
दर बाराला खटका खाली ओढायचा,
पोलादी ठोकळा उतरतो,
अंगठ्याएवढं काडतूस हातानं आत सारायचं.
दुसरी संधी नावाची वस्तू
हिच्या पोटात कुठंच ठेवलेली नाही.

बाहेर ज्युडिथच्या खोऱ्यात मार्च,
बर्फ अर्धं विरघळलेलं, अर्धं हट्टी.
शेगडीवर कॉफीचं डांबर झालेलं.

मागची खाच जुनी, रेड्याच्या शिंगांसारखी वळलेली.
खाच, माशी, हरण.
तीन अंतरं, आणि एकाच डोळ्यानं
तिघांची मर्जी राखायची.
विशीत जमतं.
सत्तरीनंतर डोळा सरळ सांगतो,
एक काय ते निवड.

पितळी पंच लावून मी ठोकलं,
डावीकडून उजवीकडे, धंद्याच्या रीतीप्रमाणं.
चौथ्या टोल्याला माशी हलली, सहाव्याला निघाली.
भिंगाखाली धरली, तर लोखंड नव्हेच.
चांदी.
कडेला अर्धा आकडा, चार असेल किंवा नऊ,
आणि कुणाच्या तरी केसांची
एक कोरलेली बट.
दहा सेंटचं जुनं नाणं.

"मार्गिटनं कापलं," तो खिडकीकडं बघत म्हणाला.
"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. गोळ्या खाली जायच्या.
रोज संध्याकाळी कानस घेऊन बसायची,
एक घासा, एक बार,
एक घासा, एक बार.
मी म्हणायचो, जपून, घासलेलं परत येत नाही.
ती म्हणायची, मग बोलू नकोस, फुंकर मार."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं
नेम कशावर धरत होतास?"
"ती जिथं असायची तिथं."
मी माशीबद्दल विचारलं होतं.

दस्त्याच्या मानेवर नवी पट्टी उभी केली.
एक स्क्रू मुकाट बसला,
दुसऱ्यानं तेल मागितलं, शिव्या मागितल्या,
मग बसला.
वर तबकडी, मधोमध सुईच्या नेढ्याएवढं भोक.
पुढं नळीवर छोटा बोगदा, त्यात बारीक कडं.
"भोकाकडं बघू नकोस," मी सांगितलं,
"भोकातून बघ.
मध्य डोळा आपला आपण शोधतो,
काळोखात दाराची फट सापडते तसा."
"आयुष्यभर उलटंच करत आलोय," तो म्हणाला.
विनोद होता की काय, कळलं नाही.

दोनशे यार्डांवर लोखंडी पत्रा टांगलेला.
पहिल्या बाराला पत्र्याच्या डावीकडं चिखल उडाला.
मी तबकडी दोन रेघा उजवीकडं सरकवली.
मागचं न्याल तिकडं गोळी जाते,
पुढच्या माशीचं मात्र सगळं उफराटं.
"मार्गिटसारखं," तो पुटपुटला.

दुसरा बार.
धूर. खांद्याला धक्का.
मग ती मधली रिकामी जागा,
जिच्यात माणूस श्वास घ्यायला विसरतो.
आणि मग उशिरा,
घरी परतायला कंटाळलेल्या पोरासारखा
ठण्ण.

तो हसला नाही.
"कडं स्वच्छ दिसतंय," एवढंच म्हणाला,
आणि हात पुढं केला.
पैशांसाठी असेल असं वाटून मी हिशेब सांगू लागले.
"ते नाही. ते."

कागदात गुंडाळलेलं पातं मी दिलं.
त्यानं कागद परत केला, पातं
डाव्या हातमोज्याच्या अंगठ्यात सरकवलं.

तिसरा बार मारलाच नाही.
"काडतुसं महाग झालीत," म्हणाला,
आणि बंदूक काखेत घेऊन
बर्फ टाळत, चिखल टाळत गाडीकडं गेला.
उजव्या हातानं दार उघडलं,
उजव्याच हातानं लावलं.