सव्वीस बी

अडीच वाजता गुणवंताचा टेम्पो
फाटकापाशी हॉर्न देतो, अर्धाच,
केतकी उठू नये म्हणून.
मागे सांभाराच्या जुड्या, ओल्या पोत्याखाली वांगी,
त्यांच्यात माझी बॅग उभी.
कॅप मांडीवर, उलटी,
तिच्यात आयडी, चष्मा, दोन उकडलेली अंडी.
"आज कोन्त्या गावाले, ताई?"
बंगळुरू. तिथून लखनौ. मग पुन्हा बंगळुरू.
"अन् थ्या सगळ्याच्या आंधी नागपूर,"
तो गिअर टाकत म्हणतो.
त्याच्या हिशेबात खरा प्रवास तेवढाच.

हेमराज अजून परतलेला नसतो.
गिरडकडे कुणाची तरी गाय अडलेली,
बॅटरी दातांत, हात कोपरापर्यंत आत,
तो वासरू वळवत असणार.
कधी आमची गाठ रस्त्यावरच पडते.
मोटरसायकल आणि टेम्पो, दोघेही दिवे खाली करतात.
तो ओरडतो, "कालवड!"
मी ओरडते, "परवा रात्री!"
त्या आठवड्याचा संसार झाला.

काउंटरवरची मुलगी यादी बघते.
स्टँडबाय, तिसरा नंबर.
खांद्यावर चार पट्ट्या घेऊन मी उभी,
कुणाला तरी जाग येऊ नये,
कुणाचा तरी टायर बुटीबोरीला बसावा,
असं मनात धरून.

शेवटी मिळते सव्वीस बी. मधली.
खिडकीतला माणूस बसल्या बसल्या पडदी ओढतो.
कडेचा विचारतो,
"कोथिंबिरीचा वास येतोय का हो?"
येतोय, मी म्हणते.

धावपट्टीवर माझे पाय
नसलेली पेडलं दाबत राहतात.
पुढे बसलेलं पोरगं नाक जरा उशिरा उचलतं.
मी बोलत नाही. प्रवासी आहे.
मग मिनिटं मोजते:
चौथ्याला बुटीबोरी,
नवव्याला, बुटांच्या बरोबर खाली,
आमचं टिनाचं छत.
निघाल्यापासून पावणेचार तासांनी
मी पुन्हा घरावर.
पडदी बंद.

माझ्या लॉगबुकात सहा हजार चारशे तास आहेत.
त्यात हे तास नाहीत.
हेमराजच्या रजिस्टरात रेतन, लसी, प्रसूती,
मोटरसायकलवरची थंडी कुठल्याच रकान्यात नाही.

दुपारी मात्र खिडकी माझी असते.
सदतीस हजार फुटांवर नागपूर कंट्रोल बोलू लागतो,
इंग्रजीतला एकेक आकडा
वर्धा रोडनं चालत आल्यासारखा.
मी उंची सांगते, वेग सांगते.
एवढंच विचारलेलं असतं.
खाली तुरीच्या पट्ट्यांतून वणेचं एक कोपर दिसतं,
त्याच्या अलीकडे बोटभर धुरकट काही.
मॅडम, तुम्ही इथल्याच ना, को-पायलट विचारतो,
बंगळुरूला फ्लॅट का नाही घेत?
नवऱ्याची बदली होत नाही, मी सांगते.

खोटं आहे ते.
बदलीचा अर्ज दोन वर्षांपासून
फ्रिजवरच्या डब्याखाली आहे, सही करून.
"टाकू का व पोस्टात?" तो विचारतो,
मी म्हणते, या महिन्यात राहू दे,
रोस्टर येऊ दे.
रोस्टर येतं.
केतकी बँकेच्या कॅलेंडरवर
माझ्या परतीच्या चौकोनात बॅग काढते,
चाकं मोठी, बॅग एवढीशी.
का राहू दे, ते मलाही
नीट सांगता येत नाही.
सकाळी अंगणात पाणी मारताना
वरून एक पांढरी रेघ जाते,
आणि त्या वेळी ती चालवणारी मी नसते,
एवढंच सुचतं.

रात्री हॉटेलात फोन थरथरतो.
फोटो: ओलं वासरू, पेंढा, हेमराजचा अर्धा बूट.
खाली लिहिलंय,
"गोऱ्हा. अजून उभा नाही राहिला."
मी लिहिते, राहिला की कळव.
दोन टिका. निळ्या होत नाहीत.
तोवर परवाची यादी उघडून बघते.
स्टँडबाय, सातवा नंबर.