दिवेलागणीच्या आत

ट्रोम्सोत नोव्हेंबरअखेर सूर्य बुडतो
तो थेट जानेवारीत वर येतो,
असं भूपालनं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय
गॅस बुकिंगच्या तारखेशेजारी.

कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
सव्वीस वर्षं लोकांचा बेदाणा राखला त्यानं.
थंडी बघायला इतक्या लांब? विचारतात सगळे.
तो म्हणतो, ही थंडी मालाची.
माझ्यासाठी कुणी खोली गार केली नाही कधी.

रविवारी चेंबर नंबर तीनमध्ये
नवे कोट घालून उभे राहिलो दोघं,
बेदाण्याच्या पेट्यांमधल्या बोळात, चार अंशांत.
माझ्या कोटाची चेन अडकली.
हातमोजे दातांनी ओढून काढले त्यानं, वाकला,
आणि दोघांच्या तोंडून वाफ निघाली.
इतकी वर्षं संसार केला,
एकमेकांचा श्वास तेवढा पाहिला नव्हता.

पासपोर्ट माळ्यावर आहेत.
महापुरानंतर आमच्या घरात
महत्त्वाचं सगळं वरच असतं.

अडलंय ते जेवणाशी.
दिवस मावळल्यावर मी जेवत नाही.
कुणी लावलेलं नाही हे,
नववीत असताना मीच घेतलेला नेम.
आता जिथं दीड महिना दिवस मावळलेलाच,
तिथं ताटावर बसायचं कधी?

बस्तीतल्या उपाध्यांना विचारलं.
हसले नाहीत, बरं वाटलं.
बघून सांगतो म्हणाले.
तीन आठवडे झाले.

सुनेत्राक्का म्हणते, जूनमध्ये जा की,
मावळतच नाही तो, बसा चरत रात्रभर.
भूपाल म्हणतो, उजेडच बघायचा तर
एप्रिलात आपली गच्ची काय वाईट आहे?

काल गणपती पेठेतून
अडीचशेचं घड्याळ घेऊन आला.
माझ्या उजव्या मनगटावर बांधलं.
हे सांगलीचं, म्हणाला, याला तिथं हात लावायचा नाही.
यात सहा वाजले की तिथले दीड.
कृष्णेवर दिवस मावळायच्या आत
तू तिकडं जेवून घे.

उपाध्यांना चालेल का, ठाऊक नाही.
मी भडंग करून पाहिलं, बिनलसणाचं,
काट्यावर ठेवलं, दोन किलो तीनशे भरलं.
दोन्ही मनगटांवर सध्या एकच वेळ आहे.
तिकिटं अजून काढायचीत.