बिडीची सुट्टी

साकोलीहून लाखांदूरकडे येताना
कालव्याच्या अलीकडे आमची राइस मिल.
एक भट्टी, एक पॉलिशर, तेवीस माणसं
आणि मागे भुशाचा तो ढीग,
ज्याच्या स्वप्नानं मी रात्री उठून बसायचो.

पाटी मीच रंगवून आणली होती पवनीहून.
लाल अक्षरं. दंड पन्नास रुपये.
दोन महिन्यांत साडेअकराशे जमले,
पोळ्याला त्याचेच पेढे वाटले मी,
आणि ज्यांनी भरले त्यांनीच खाल्ले, मान खाली घालून.

बिडी मात्र मिलमधून उठून
ट्रकच्या आडोशाला गेली,
संडासामागे गेली,
एके दुपारी थेट भुशाच्या मागे.
थोटूक चपलेखाली दाबून
उभा राहिलो मी बराच वेळ.
पाय उचलायची हिंमत होईना.

दुसऱ्या दिवशी पंचफुला आली
काखेत सूप, केसांत कोंडा.
"मालक, मीबी बिडी पिऊ का?"
मला हसू आलं. ती हसली नाही.
"मानसं बिडी पेतात तं धा मिनिटं बसतात.
मले कोनी बस म्हनत नाही.
रातभर बिड्या वळते मी घरी, हजार-हजार,
एक पेटवली तं का होते?
बसाले तं भेटंन."

हिशेब मला येतो.
पण हा कधी मांडला नव्हता:
बाबांच्या काळापासून या मिलमध्ये
बसण्याचं एकच तिकीट होतं
आणि ते काडीनं पेटवावं लागायचं.

मग भोंगा वाजू लागला अकराला आणि चारला.
सगळ्यांसाठी.
मोहाखाली दोन बाकं,
एका डब्यात बडीशेप, ओवा, भाजलेली जवस.
दंडाचा रकाना मी रेघ मारून बंद केला.
दवाखान्यात जाणाऱ्याची अर्धी हजेरी कापायची नाही,
हे मुनीमजीला तीनदा सांगावं लागलं.

गुरुवारी रुग्णालयातल्या बाई आल्या.
रोगट फुप्फुसांची चित्रं पिशवीतच ठेवली त्यांनी.
एवढंच विचारलं, "पहिली किती वाजता?"
कोणी बोलेना.
भट्टीवरचा इस्तारी म्हणाला,
"डोरे उघडाच्या आंधी."
मग एकेक जण बोलू लागला,
जशी पोत्याची शिवण उसवते.

जाता जाता बाई माझ्याकडे वळल्या.
"आणि तुमची?"
खणात सिगारेटचं पाकीट होतं,
केबिनच्या काचेवर
पाटी लावायची राहिली होती.

सगळं सुरळीत झालं म्हणू नये.
दोघं बिडी सोडून खर्‍यावर गेले,
पिंपाशेजारची भिंत लाल झाली.
मुकरू आठवडाभर प्रत्येकाशी भांडला,
माझ्याशीही; मी ऐकून घेतलं.
मीही त्या आठवड्यात
एका ट्रकवाल्याशी उगाच भांडलो होतो.

एकोणिसाव्या दिवशी इस्तारी केबिनच्या दाराशी उभा.
"एक प्यालो, मालक. रातच्या पारीले."
सवयीनं हात रजिस्टरकडे गेला,
तिथं लिहायला काही नव्हतं.
"माझ्या काल दोन झाल्या," मी म्हणालो.
तो पहिल्यांदाच माझ्या समोरच्या खुर्चीत बसला,
काठावर.

आता चारच्या भोंग्याला
इस्तारीच्या हातांना काम नसतं.
खिशात चार दाणे धान ठेवतो तो,
नखानं एकेक सोलतो,
तांदूळ चिमणीला, टरफल फुंकरीला.
तेवढंच काय ते त्याच्या ओठांतून उडतं.

पंचफुला बाकाच्या टोकाला बसते, पाय पसरून.
तेंदूपत्त्यानं काळी झालेली बोटं
पदरात झाकत नाही.
रात्री ती अजून हजार वळते.
त्या कोणाच्या ओठांवर जातात,
हे तिनं मला सांगितलेलं नाही
आणि मी अजून विचारलेलं नाही.